फिलर बदलला आणि टायरचं कंपाउंड बिघडलं? आधी या चुका तपासा

नागपुरात रबरावर प्रयोग करणाऱ्याला फिलर, म्हणजे रबराला बळ द्यायला किंवा ते स्वस्त करायला मिसळायची पूड, शोधत लांब जावं लागत नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख हाताशी आहे, भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधून धानाचं तूस हवं तेवढं मिळतं, आणि टायर तर बुटीबोरीतच बनतात. त्यामुळे प्रोजेक्टचा एक विषय ठरलेलाच असतो: एसबीआर या कृत्रिम रबरातला कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) कमी करायचा, त्या जागी राख घालायची आणि ट्रेडचं, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या थराचं, स्वस्त कंपाउंड (रबराचं मिश्रण) तयार करायचं. निकालही बहुतेक वेळा ठरलेला. ताणशक्ती घसरते, झीज वाढते आणि शेवटच्या प्रकरणात सगळं खापर राखेवर फुटतं. छोट्या कंपाउंडिंग युनिटमध्ये कार्बन ब्लॅकच्या जागी सिलिका घालून पाहणारेही याच रस्त्यानं जातात. माझं मत विचाराल तर यातले बरेचसे निकाल फिलरबद्दल फारसं काही सांगतच नाहीत. ते मिक्सिंगबद्दल आणि चुकलेल्या तुलनेबद्दल सांगतात.

चाळली म्हणजे फिलर झाली असं नाही

ट्रेडमध्ये नेहमी वापरला जाणारा एन-३३० कार्बन ब्लॅक घ्या. त्याचे मूळ कण साधारण ३० नॅनोमीटरचे असतात. ३२५ मेशच्या चाळणीतून पडलेली राख ‘एकदम बारीक’ म्हणून मिरवली जाते, पण त्या चाळणीचं छिद्रच सुमारे ४५ मायक्रॉनचं. म्हणजे राखेचा मोठा कण ब्लॅकच्या कणापेक्षा हजारपटीहून जास्त मोठा असू शकतो. रबराला बळ मिळतं ते फिलरच्या पृष्ठभागामुळे, कारण रबराच्या साखळ्या तिथेच धरल्या जातात. एवढा मोठा कण फक्त जागा अडवतो आणि ताण पडला की भेग तिथूनच सुरू होते. फ्लाय अ‍ॅशचे (वीज केंद्रांच्या राखेचे) गोल, गुळगुळीत कण तर याहून नामानिराळे. फ्लोअर मॅट, मडफ्लॅपसारख्या मालात त्यांनी खर्च कमी होतो, पण ट्रेडमध्ये त्यांच्याकडून ब्लॅकचं काम होईल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

तुसाच्या राखेची गोष्ट थोडी वेगळी. तूस जाळलं की वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. हा आकडा वाचला की लोक हुरळतात. पण सिलिका किती आहे यापेक्षा ती कशी आहे हे महत्त्वाचं. बेताच्या तापमानाला, साधारण ७०० अंशांच्या आत, नीट जाळली तर ती अस्फटिक राहते. बॉयलरच्या भट्टीत भलत्या उष्णतेला गेली की स्फटिक बनू लागते, पृष्ठभाग जातो आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते. अशी राख मास्क न लावता दळू नका. गुडइयरसारख्या कंपन्यांनी टायरमध्ये वापरलेली तुसाची सिलिका ही थेट राख नसते. राख कॉस्टिकमध्ये विरघळवून सोडियम सिलिकेट करतात आणि त्यातून आम्ल घालून सिलिका पुन्हा खाली बसवतात. ही पायरी गाळून ‘आम्ही राईस हस्क सिलिका वापरली’ असं लिहिणं म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक.

वजनाला वजन

५० पीएचआर (रबराच्या शंभर भागांना पन्नास भाग) ब्लॅक काढला, ५० पीएचआर सिलिका घातली. दिसायला तुलना बरोबर. पण ब्लॅकची घनता साधारण १.८ आणि सिलिकेची २.०. पन्नास भाग ब्लॅक जेवढी जागा व्यापतो, तेवढी व्यापायला सिलिका साडेपंचावन्न भाग लागते. बदल आकारमानाच्या हिशेबानं करा आणि दोन्ही कंपाउंडचा हार्डनेस शक्यतो जवळ आणून मगच बाकीचे गुण ताडून पाहा. नाहीतर ५८ शोअर हार्डनेसची शीट ६५ शोअरच्या शीटशी लढवली जाते आणि हरलेली बाजू नेमकी का हरली ते कुणालाच कळत नाही.

रोल मिलवर सायलेन घालणं

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो इथे. सिलिकेच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं, रबराला नाही. दोघांमध्ये पूल बांधायला टीईएसपीटी नावाचा सायलेन घालतात, ट्रेडच्या सिलिकेला तिच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के. १९९२ मध्ये मिशेलिननं सिलिकेचा ‘ग्रीन टायर’ आणला, तोही याच जोडीच्या जोरावर. पण हा सायलेन नुसता घातल्यानं काम करत नाही. सिलिकेशी त्याची प्रक्रिया व्हायला कंपाउंड मिक्सरमध्ये १४० ते १५० अंशांना काही मिनिटं धरून ठेवावं लागतं. प्रक्रिया होताना इथेनॉल बाहेर पडतं, त्याचा वास मिक्सरपाशी चांगला जाणवतो.

आता आपली प्रयोगशाळा पाहा. सहा इंची दोन रोलची मिल, रोलमधून थंड पाणी फिरतंय, शीटचं तापमान ७०-८० अंश. सायलेन बाटलीतून थेंब थेंब घातला, शीट दहा वेळा कापून फिरवली आणि अहवालात लिहिलं, ‘सायलेनचा विशेष परिणाम दिसला नाही.’ परिणाम दिसणार कसा? प्रक्रिया सुरूच झालेली नाही. छोटा इंटर्नल मिक्सर (बंद चेंबरमध्ये मिसळणारं यंत्र) मिळत असेल तर पहिला टप्पा त्यातच करा. त्याची चेंबर ७० ते ७५ टक्के भरा. कमी भरली तर माल नुसता लोळतो, घासला जात नाही. तापमान मात्र १६० च्या पुढे जाऊ देऊ नका, कारण सायलेनमधलं गंधक मोकळं होतं आणि कंपाउंड मिक्सरमध्येच शिजायला लागतं. सल्फर आणि अ‍ॅक्सिलरेटर (रबर शिजवणारं गंधक आणि ते शिजणं वेगवान करणारं रसायन) दुसऱ्या टप्प्यात, १०० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली घाला.

मिक्सर नसेल तर सरळ ब्लॅकवर काम करा. ब्लॅकला सायलेन लागत नाही आणि मिलवर तो नीट मिसळतो. फक्त तेल आधी ओतू नका. तेलानं रबर घसरतं, ब्लॅकच्या गुठळ्यांवर जोर पडत नाही आणि त्या तशाच राहतात. क्युअर झालेली, म्हणजे शिजलेली, शीट नव्या ब्लेडनं कापून साध्या भिंगातून पाहा. काप आरशासारखा काळा दिसला तर ठीक, खडबडीत दाणे दिसले तर पुढच्या टेस्टवर पैसे घालवू नका.

आणखी एक: सिलिका अ‍ॅक्सिलरेटर शोषून घेते, त्यामुळे क्युअर मंदावतो. त्यासाठी डीपीजी हा मदतनीस अ‍ॅक्सिलरेटर एक-दोन भाग जोडीला घालतात. ते विसरलं की ‘सिलिकेचं कंपाउंड शिजतच नाही’ ही तक्रार येते. पावसाळ्यात उघड्या पोत्यातल्या सिलिकेनं ओलावा धरला की क्युअर आणखी हलतो. वापरण्याआधी १०५ अंशांना दोन तास ठेवून वजन किती घटतं ते मोजा.

सगळ्यांना एकच क्युअर वेळ

पाच कंपाउंड, पाचही १५० अंशांना २० मिनिटं. सोय आहे खरी. पण प्रत्येकाचा टी-९० (नव्वद टक्के शिजायला लागणारा वेळ) रिओमीटरवर, म्हणजे शिजताना रबर किती कडक होतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, वेगळा येतो, त्यामुळे एक कच्चं राहतं आणि दुसरं नैसर्गिक रबराचं असेल तर रिव्हर्शनला लागतं, म्हणजे जास्त शिजून पुन्हा मऊ पडतं. शिवाय सिलिका-एसबीआरचा आलेख पुष्कळदा वर चढतच राहतो. अशा वेळी टेस्ट तुम्ही ३० मिनिटांना थांबवली की ६० ला, यावर टी-९० बदलतो. थांबवण्याची वेळ सगळ्यांना सारखी ठेवा आणि ती अहवालात लिहा. झिजेच्या टेस्टची जाड बटणं दोन मिलिमीटरच्या शीटपेक्षा जास्त वेळ शिजवावी लागतात, हेही बरेच जण विसरतात.

मे महिन्यातली शेड

पारा ४५ च्या पुढे आणि वर पत्रा. मिलवरून उतरलेल्या गरम शीट एकावर एक रचल्या की मधल्या शीट तासन् तास गार होत नाहीत. सकाळी त्यात रबराच्या कडक गाठी सापडतात आणि बोट उगाच अ‍ॅक्सिलरेटरकडे दाखवलं जातं. शीट साबणपाण्यातून काढा, पंख्याखाली टांगा, पूर्ण गार झाल्यावरच रचा. फायनल बॅच शक्यतो पहाटे घ्या.

पांढरा थर दिसला की ‘सिलिका वर आली’

सिलिका वर येत नसते. येतं ते गंधक किंवा मेण. हेअर ड्रायरनं हलकी ऊब द्या. थर वितळून पृष्ठभाग चकाकला तर मेण, आणि ते ओझोनपासून राखायलाच घातलेलं असतं. तसाच राहिला तर गंधकाचा संशय घ्या. प्लायला, म्हणजे टायरच्या आतल्या थरांना, चिकटपणा लागतो तिथे अविद्राव्य सल्फर वापरतात, पण मिक्सिंगमध्ये ते ११० च्या वर तापलं की साध्या गंधकात बदलतं आणि वर येतं.

टायर कुठल्या गाडीचा?

ताणशक्तीचा आकडा छान आला म्हणून ट्रेड चांगला, असं होत नाही. कारच्या ट्रेडसाठी टॅन डेल्टा (रबर हलताना किती ऊर्जा वाया जाते याचं माप) दोन तापमानांना पाहतात: ० अंशांना जास्त हवा, म्हणजे ओल्या रस्त्यावर पकड, ६० ला कमी हवा, म्हणजे इंधनाची बचत. सोबत झिजेची टेस्ट. ट्रकचं गणित निराळं. ओझ्याखाली जाड ट्रेड आतून तापतो, म्हणून तिथे नैसर्गिक रबर जास्त ठेवतात आणि एसबीआर बेतानं. कारच्या ट्रेडची एसबीआर-सिलिका रेसिपी उचलून नागपूरजवळच्या वाडीहून हैदराबादकडे निघणाऱ्या ट्रकच्या रिट्रेडवर (जुन्या टायरवर चढवलेल्या नव्या ट्रेडवर) लावली, तर उन्हाळ्यात ट्रेड उष्णतेनं सुटण्याची भीती असते. रिट्रेडच्या कंपाउंडला आधी गुडरिच फ्लेक्सोमीटरवर, म्हणजे रबर वारंवार दाबून ते किती तापतं हे मोजणाऱ्या यंत्रावर, तापवून पाहा. तिथे तापमान चढत गेलं तर ताणशक्ती कितीही येवो, ते कंपाउंड बाजूला ठेवा.