कॉमिक्सची संहिता लिहिताना: आठ पानांपासून सुरुवात

कथा सुचली की आधी ती गद्यात लिहायची की चित्रकथेत, हे ठरवा. कथेचा जीव पात्राच्या मनातल्या घालमेलीत असेल तर तिला गद्यच मानवतं. जागा, हालचाल, चेहरा आणि गप्प राहणं यांतून ती पुढे सरकत असेल, तर कॉमिक्सचा विचार करा. नावाजलेले कथाकारही इथे फसतात, कारण ते आपलं गद्य तसंच ठेवून त्याला चित्रं जोडायला बघतात. कॉमिक्सची संहिता छापली जात नाही. ती चित्रकाराला लिहिलेलं सविस्तर पत्र असते, आणि त्याला त्यातून काय काढता येईल एवढ्यावरच तिची किंमत ठरते.

पहिली कथा ८ पानांची घ्या. पानाला सरासरी ५ चौकटी (एकेका चित्राचे चौकोन) धरल्या तर हातात ४० चौकटी येतात. चौकटीत सरासरी २५ शब्द धरले तर संवाद आणि निवेदन मिळून सगळे १००० शब्द. म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेतलं बरंचसं चित्राच्या हवाली करावं लागतं आणि उरलेलं काढून टाकावं लागतं. पात्रं दोन-तीन, जागा फार तर दोन. प्रत्येक नवी जागा वाचकाला एकदा तरी मोठ्या चौकटीत दाखवावी लागते आणि ८ पानांत तेवढी ऐसपैस जागा नसते.

लिहायला बसण्याआधी कागदाचं छोटं पुस्तक करा. दोन कोरे कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की ८ पानं होतात. पान १ उजवीकडे येतं, मग २-३, ४-५, ६-७ अशा जोड्या समोरासमोर आणि ८ शेवटी एकटं. वाचक पान उलटतो तेव्हा समोर २, ४, ६ किंवा ८ येतं. धक्का, उलगडा, नव्या पात्राचं आगमन या सम पानांच्या पहिल्या चौकटीत टाका आणि त्याआधीच्या विषम पानाची शेवटची चौकट अशी ठेवा की पान उलटल्यावाचून राहवणार नाही. हेच दृश्य पान ५ वर टाकलं, तर पान ४ वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसतं आणि फुकट जातं. दोन पानांवर पसरलेलं एकच मोठं चित्र हवं असेल तर तेही सम पानावरच सुरू होतं. जपानी कॉमिक्स, म्हणजे मांगा, उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे ही मांडणी आरशातल्यासारखी उलटी होते. मोबाइलवर खाली सरकवत वाचायच्या कॉमिक्समध्ये पान उलटणंच नसतं. तिथे उत्सुकता ताणायचं काम दोन चौकटींमधलं रिकामं अंतर करतं.

या पुस्तकात प्रत्येक पानावर काय घडतं ते एका ओळीत लिहा आणि काड्यांची माणसं काढून चौकटी आखा. चित्रकला येत नसली तरी आखाच. एका पानावर ९ चौकटी कोंबल्यात आणि त्यातल्या चारांत गर्दी आहे, हे शब्दांत कळत नाही, रेघा ओढताच दिसतं.

आता संहिता. नवख्या लेखकाची चौकट बहुतेक वेळा अशी असते:

चौकट १. मीरा दार उघडून आत येते, टेबलावरचं पत्र उचलते आणि न वाचताच फाडून टाकते. तीन रात्री तिला झोप नाही.

हे काढताच येत नाही. चौकट म्हणजे एक क्षण, आणि इथे निदान तीन क्षण आहेत. शिवाय ‘तीन रात्री झोप नाही’ ही माहिती आहे, दृश्य नाही. तेच असं मांडा:

चौकट १ (पानाच्या पूर्ण रुंदीची). रात्र. मीरा दारात, हात अजून कडीवर. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. नजर आत, टेबलाकडे.
चौकट २. तिच्या खांद्यामागून. टेबलावर बंद पाकीट, शेजारी चहाचे चार उष्टे कप.
चौकट ३. जमिनीलगतून. मीराचे फक्त पाय. भोवती कागदाचे कपटे. संवाद नाही.

पत्र फाडताना कुठेच दाखवलेलं नाही. ते चौकट २ आणि ३ यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीत घडतं आणि वाचक ते स्वतः पुरं करतो. कॉमिक्सची सगळी ताकद या पट्टीत आहे. काय दाखवायचं याइतकाच विचार पट्टीत काय सोडायचं यावर करा.

वर्णन २० ते ४० शब्दांत बसवा. वेळ, जागा, कोण कुठे उभं आहे, चेहऱ्यावर काय आहे आणि पुढे कामाला येणारी वस्तू, एवढं पुरतं. पान ७ वर सुरी लागणार असेल तर पान २ च्या वर्णनात ती लिहा. नाहीतर चित्रकाराला सहा पानं झाल्यावर मागे जाऊन ती काढावी लागते. प्रत्येक चौकटीला कॅमेऱ्याचा कोन मात्र सांगू नका. जिथे कथेला तो गरजेचा आहे तिथेच सांगा, बाकी चित्रकाराची नजर तुमच्यापेक्षा तयार असते.

जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे हवा. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. उत्तर देणारा डावीकडे उभा राहिला तर संवादाच्या फुग्यांची बोलणाऱ्याकडे जाणारी शेपटं एकमेकांना छेदतात किंवा उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. एका फुग्यात २५ आणि एका चौकटीत सगळे मिळून ३५ शब्द ही जुनी आणि चांगली मर्यादा आहे. देवनागरीत त्याहूनही कमी ठेवा. वेलांट्या, मात्रा आणि उकारांमुळे ओळींना उभी जागा जास्त लागते; ती नाही दिली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. पानभर फुग्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या, म्हणजे लेटरिंग करणाऱ्याची, म्हणजे फुग्यांत अक्षरं भरणाऱ्याची, चूक होत नाही.

चित्रकाराकडून आधी थंबनेल मागवा: पानाचा छोटा, कच्चा आराखडा. सगळ्या दुरुस्त्या इथेच सांगा. थंबनेलमध्ये चौकट हलवायला काही मिनिटं लागतात, शाई चढल्यावर त्याच बदलाला अख्खा दिवस जातो आणि संबंधही बिघडतात. पूर्ण चित्रं हातात आली की संवाद पुन्हा लिहा. ही पायरी बरेचजण गाळतात आणि तिथेच त्यांचं कॉमिक्स बडबडं होतं. चित्रात मीराच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत असेल तर ‘मला भीती वाटतेय’ हा फुगा काढून टाका. पहिल्या खर्ड्यातले पाचातले एक-दोन फुगे या वेळी सहज गळतात.

काम सुरू होण्याआधी करार लेखी हवा, चित्रकार जिवलग मित्र असला तरीही. पानाचा दर किती आणि कोणत्या टप्प्यावर किती मिळणार, पात्रांची मालकी कोणाची, नावं कुठे आणि कोणत्या क्रमाने छापायची, चित्रपट किंवा खेळण्यांचे हक्क विकले गेले तर वाटणी कशी, आणि काम अर्धवट थांबलं तर तयार पानं कोणाची, या पाच गोष्टी त्यात असायलाच हव्यात. प्रकाशक ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ मागत असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. सुपरमॅन हे पात्र घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ साली त्याचे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. पुढे कोर्टात वर्षानुवर्षं झगडूनही ते परत मिळाले नाहीत. १९७५ च्या अखेरीस निवृत्तिवेतन आणि श्रेय तेवढं पदरात पडलं.

संपादकाकडे नुसती संहिता पाठवून फारसं काही होत नाही. एका पानाचा सारांश (शेवटासकट, संपादकापासून शेवट लपवायचा नसतो) आणि लेटरिंगसह पूर्ण झालेली ५ ते ८ पानं पाठवा. म्हणूनच ती पहिली आठ पानांची कथा पुरी करणं महत्त्वाचं. चित्रकाराचं एक पान व्हायला साधारण एक दिवस लागतो, कधी दोन. लेखकाची संहिता त्याच्या कितीतरी आधी संपते. या मधल्या काळात गद्यातली एक कथा हाताशी ठेवा. तिथे कोणाची वाट पाहावी लागत नाही आणि लिहिण्याची सवय मोडत नाही.

छपाईला देण्याआधी शेवटचं वाचन कागदावर करा, पडद्यावर नको. एकदा फक्त फुगे मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा प्रत्येक शेपूट योग्य तोंडाकडे जातंय का ते बघा. तिसऱ्यांदा पानाच्या कडा तपासा: कापताना कडेचा थोडा भाग जातोच, आणि कडेला चिकटलेल्या फुग्यातलं अक्षर त्याच्याबरोबर जातं.