चौकातली हवा मोजायची असेल तर आधी गाड्या नीट मोजा

प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की माझ्या टेबलावर निम्मे कागद एकाच मथळ्याचे येतात: ‘जळगाव शहरातील वाहनांमुळे होणारे वायुप्रदूषण: एक अभ्यास’. मी पर्यावरणशास्त्र शिकवते, एम.एस्सी.च्या मुलांचे प्रबंध तपासते, आणि असा कागद आला की सहीविना परत देते. त्यात प्रश्नच नसतो. कुठला रस्ता, कुठल्या गाड्या, प्रदूषण कशाचं, दिवसाच्या कुठल्या वेळेचं? तुमच्याकडे एक सत्र, दोन मित्र, एक उसना सेन्सर आणि फार तर एक चौक आहे. तेवढ्यात मावेल असा प्रश्न शोधा.

चांगला प्रश्न कसा दिसतो? ‘आकाशवाणी चौकात पीएम २.५ शाळा-कॉलेजच्या गर्दीत जास्त वाढतं की रात्री ट्रक सुटतात तेव्हा?’ हा चालेल. (पीएम २.५ म्हणजे हवेतले २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण.) ‘जड वाहनं पाळधी-तरसोद बायपासवर वळवली तेव्हा अजिंठा चौफुलीवरची हवा किती फरकली?’ हा तर फार चांगला, कारण आधी आणि नंतर अशी तुलना आयतीच मिळते. रावेर-सावद्याची मुलं केळीच्या ट्रकांवर काम करू शकतात. धुळेकरांच्या दारात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग आहेत, त्यांनी विषय नाही म्हणून रडू नये. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला आणि जळगाव त्याच्या यादीत आहे. म्हणजे तुमचा आकडा कुणीतरी वाचण्याची थोडीफार शक्यता आहे.

प्रश्न ठरला की पोरं थेट सेन्सरच्या मागे लागतात. थांबा. आधी गाड्या.

मोजणीचा तक्ता १५-१५ मिनिटांच्या रकान्यांचा करा. पूर्ण तासाची एकच बेरीज केलीत तर गर्दीची टोकं त्यात बुडून जातात. समजा एका तासाच्या चार रकान्यांत ३१०, ४२०, ३९० आणि २८० गाड्या आल्या. एकूण १४००. सगळ्यात मोठा रकाना ४२०, त्याची चौपट १६८०. १४०० भागिले १६८० म्हणजे साधारण ०.८३, हा झाला गर्दीच्या तासाचा गुणांक. तो १ च्या जितका जवळ, तितकी गाड्यांची ये-जा तासभर सारखी. शाळा सुटायच्या वेळेला तो बराच खाली येतो.

गाड्यांचे प्रकार पुस्तकातून उतरवून घेऊ नका, रस्त्यावर अर्धा तास उभं राहून लिहा. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा, अ‍ॅपे, काळी-पिवळी, कार, छोटा हत्ती, एसटी, खासगी बस, दोन अ‍ॅक्सलचा ट्रक, त्याहून मोठा ट्रक, वाळूचा डंपर, ट्रॅक्टर-ट्रॉली, सायकल, हातगाडी आणि क्वचित बैलगाडी एवढे रकाने लागतात. डंपर आणि ट्रॉली ‘इतर’मध्ये ढकलू नका, गंमत नेमकी तिथेच आहे. मोबाइलवर व्हिडिओ काढून संगणकाकडून मोजून घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा: फुकट मिळणारी बरीचशी मॉडेल्स ‘कोको’ नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात आणि त्यात रिक्षा हा प्रकारच नाही. आपली रिक्षा तिथे कधी कार होते, कधी ट्रक. म्हणून व्हिडिओचा थोडा भाग हातानेही मोजा आणि दोन्ही आकडे प्रबंधात शेजारी-शेजारी द्या.

चौकात उभं राहण्याआधी कॉलेजचं पत्र घेऊन वाहतूक पोलिसांना भेटा, चमकणारं जाकीट घाला. तरी टपरीवाले विचारणारच, “कसाना सर्वे शे भाऊ? रस्ता रुंद व्हई का?” त्यांना अतिक्रमणवाल्यांची धास्ती असते. नीट सांगा, खोटं सांगू नका. त्याच टपरीवर तुम्हाला महिनाभर सेन्सर टांगायचा आहे.

आता ज्या जागी सर्वांत जास्त प्रबंध घसरतात ती जागा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या १०६ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यांसाठी ‘पीसीयू’ म्हणजे प्रवासी कार एकक दिलेलं आहे. कार १. दुचाकींचा वाटा १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकीला ०.७५, त्या-त्या गाडीचा स्वतःचा वाटा तसाच असेल तर रिक्षाला २, ट्रक-बसला ३.७ आणि ट्रॉलीसकट ट्रॅक्टरला ५. मुलं सगळ्या गाड्यांना या आकड्यांनी गुणतात आणि ती बेरीज पीएम २.५ शेजारी मांडून आलेख काढतात. पण पीसीयू सांगतं ते गाडी रस्त्यावर किती जागा अडवते एवढंच. धूर किती सोडते ते नाही. विजेवरची रिक्षा आणि जुनी डिझेलची अ‍ॅपे जागा जवळपास सारखीच अडवतात.

धुरासाठी उत्सर्जन गुणांक लागतो: एका किलोमीटरला किती ग्रॅम. गाड्यांची संख्या गुणिले गुणांक गुणिले रस्त्याची लांबी, आणि हे प्रत्येक प्रकारासाठी वेगळं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने २००८ मध्ये भारतीय गाड्यांचे गुणांक काढले, जुन्या गाड्यांना ते वापरा. बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं नवं मानक १ एप्रिल २०२० पासून आलं, त्यामुळे त्या गाड्यांसाठी युरोपच्या ‘कोपर्ट’ या उत्सर्जन काढायच्या सॉफ्टवेअरमधले युरो-६ चे गुणांक घ्यावे लागतात, आणि ते उसने आहेत हे स्पष्ट लिहावं लागतं. कायद्याची मर्यादा गुणांक म्हणून वापरू नका. डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ०.०८ झाली, पण ती प्रयोगशाळेतल्या चाचणीची. सिग्नलला थांबत-सुटत जाणारी गाडी ती पाळतेच असं नाही.

गाडीचं वय आणि इंधन चौकात उभं राहून कळत नाही, त्यासाठी पेट्रोल पंपावर जा. मालकाची परवानगी घेतली की रांगेतल्या माणसाला चार प्रश्न विचारता येतात: कुठल्या सालची, कुठलं इंधन, रोज किती चालते, मीटरवर किती किलोमीटर. चारचाकीच्या पुढच्या काचेवरचा नोंदणी स्टिकरही बघा. नारिंगी म्हणजे डिझेल, फिकट निळा म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी, आणि वर हिरवी पट्टी असली तर बीएस-६. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर एमएच-१९ ची म्हणजे जळगावची नोंदणी वर्षवार मिळते, पण नोंदलेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी यांत फरक असतो, शिवाय महामार्गावरचे बरेच ट्रक दुसऱ्या राज्यातले. पंपाचं काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. पीयूसीची टक्केवारी मात्र गोळा करत बसू नका. त्या चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या धुराची गडदता बघतात. नायट्रोजन ऑक्साइड किंवा कणांचं वजन त्यात मोजलंच जात नाही.

आता सेन्सर. स्वस्तातले सेन्सर कणांवर प्रकाश टाकून, तो किती विखुरतो त्यावरून अंदाज करतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी पिऊन फुगतात आणि सेन्सर फुगलेला आकडा सांगतो. जानेवारीत गिरणेकाठी धुकं असतं त्या सकाळचे आकडे म्हणूनच संशयाने बघायचे, पावसाळ्यातले तर जास्तच. सुरुवातीला आठवडाभर तुमचा सेन्सर फिल्टर पेपरवर कण गोळा करणाऱ्या यंत्राशेजारी ठेवा, दोन्ही आकड्यांचं समीकरण काढा आणि पुढची सगळी मापं त्यातून दुरुस्त करा. मे महिन्यात डबा उन्हात टांगू नका. आपल्या उन्हात बंद डब्यातला पारा सहज ५० च्या वर जातो. सावली हवी, झडपा हव्यात, उंची माणसाच्या नाकाएवढी. सेन्सरचं आणि मोजणाऱ्याचं घड्याळ रोज जुळवा.

दुसरा सेन्सर रस्त्यापासून लांब ठेवायलाच हवा, मेहरूण तलावाकडे किंवा विद्यापीठाच्या आवारात. चौकातल्या आकड्यातून तो वजा केला की जे उरतं त्यात रस्त्याचा वाटा असतो. या वजाबाकीविना काय होतं ते सांगते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि जड असते, वर जात नाही. धूर-धूळ कोंडून राहते. ऊन चढलं की हवा मोकळी होते, आणि नेमकी त्याच वेळी गाड्यांची गर्दी वाढत असते. मग आलेखात दिसतं काय, तर गाड्या वाढल्या आणि प्रदूषण घटलं! मुलं हबकतात, काही जण आकडे लपवतात. लपवू नका. ते आकडे बरोबर आहेत, तुम्ही हवामान धरलेलं नाही इतकंच. वाऱ्याची दिशा, वेग, तापमान आणि आर्द्रता दर तासाला नोंदवा. दिशा बघायला काठीला रिबन बांधा. अगरबत्ती लावू नका, सेन्सर तिचाच धूर मोजेल.

सेन्सरशेजारी वही हवीच. हिवाळा म्हणजे भरिताचा मोसम, आणि वांगी भाजायची तर कपाशीच्या काड्यांवरच. संध्याकाळी साडेसहाला भरितवाल्याने काड्या पेटवल्या की पीएम २.५ ची रेघ ताड्‍कन उभी राहते आणि वीस-पंचवीस मिनिटांत खाली येते. वहीत ‘६.३०, भरीत, वारा आपल्याकडे’ एवढं लिहिलेलं असेल तर तो भाग वेगळा काढता येतो. नसेल तर तुम्ही ते पाप ट्रकवाल्याच्या माथी मारणार. कचरा जाळणं, फटाके, वरातीतला जनरेटर, झाडूवाली येऊन गेली, टँकरने पाणी मारलं, सगळं लिहा.

झाडूवरून आठवलं, धूळ. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला काळी माती पडलेली असते आणि चाकाखाली ती उडते. आयआयटी कानपूरने दिल्लीचा जो अभ्यास २०१६ मध्ये दिला त्यात हवेत सोडल्या जाणाऱ्या पीएम १० मधला (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) ५६ टक्के वाटा रस्त्यावरच्या धुळीचा निघाला होता, वाहनांच्या धुराचा ९ टक्के. जळगावला हे आकडे जसेच्या तसे लावू नका, पण धूळ सोडूनही देऊ नका. मोजमाप केलेल्या चौकोनातली धूळ ब्रशने गोळा करा, वाळवा, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेलं वजन चौरस मीटरला किती ते काढा. रस्त्यावरून किती धूळ उडते ते काढायच्या, अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या ‘एपी-४२’ सूत्रात हे वजन ०.९१ घातात येतं आणि वाहनांचं सरासरी वजन १.०२ घातात. म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वजन दुप्पट झालं की धूळही जवळपास दुप्पट. म्हणून म्हटलं, डंपर ‘इतर’मध्ये टाकू नका.

आवाजही मोजणार असाल तर डेसिबलची साधी सरासरी काढू नका. ७० आणि ८० ची सरासरी ७५ नव्हे, सुमारे ७७.४ येते, कारण मोजपट्टी लॉगची आहे. २००० च्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा ६५, रात्री ५५ ही मर्यादा आहे. यावर इतकंच पुरे.

तुलना करताना काळ जुळवा. भारतीय मानकात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वर्षाची ४०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ आणि ५. दोन तासांच्या मापाशेजारी २४ तासांची मर्यादा ठेवून ‘मर्यादेच्या तिप्पट’ असं लिहिलंत की स्थानिक पेपरात बातमी छापून येईल, पण परीक्षक तुम्हाला सोडणार नाही.

आधी कुणी काय केलंय ते शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर बघा, प्रबंध फुकट वाचता येतात. शेवटच्या प्रकरणात उपाय लिहिताना ‘जनजागृती करावी’, ‘झाडे लावावीत’ ही वाक्यं माझ्याकडे आणू नका. तुमच्या मोजणीतून निघतं तेवढंच लिहा: अमुक वेळेत डंपर या रस्त्याने नकोत, अमुक कडेची माती उचलायला हवी. त्याचं एक पान साध्या मराठीत करून महापालिकेत आणि वाहतूक शाखेत द्या, पोच घ्या. मोजणीच्या हाताने भरलेल्या शीट, डागाळलेल्या असल्या तरी, परिशिष्टात जोडा. तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा त्याच मागते.