पूर ओसरल्यावर घराच्या विम्याचा क्लेम: चिखल उपसण्याआधीची तयारी

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. आपल्या पॉलिसीत काय लिहिलंय, ते मात्र पाणी दारात आल्यावर शोधलं जातं. म्हणून मे महिन्यातच पॉलिसी काढून वाचा. गृहकर्जासोबत घेतलेला विमा नेमका कशाचा, हे आधी पाहा. बरेचदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, घराचा नसतो. घराचा असला तरी बहुधा फक्त इमारतीचा. १ एप्रिल २०२१ पासून विकली जाणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी असेल तर पूर त्यात धरलेला आहे, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप येतं. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर लागतं. रोख रक्कम आणि गाडी यात बसत नाही, गाडीचा क्लेम गाडीच्याच पॉलिसीवर. बांधकाम मातीचं असेल तर पॉलिसीत तसंच लिहिलेलं हवं.

पावसाआधी प्रत्येक खोलीच्या चारही कोरड्या भिंतींचे फोटो काढा. ‘ही ओल जुनीच आहे’ असा शेरा सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाच्या, अहवालात येऊ शकतो, आणि त्याला उत्तर द्यायला हेच फोटो कामी येतात. फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप यांच्या सिरीयल नंबरच्या पट्ट्या, बिलं, घरफाळ्याची पावती आणि पॉलिसीचं पहिलं पान यांचेही फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. फोन भिजला तरी पुरावा राहतो.

पाणी उतरल्यावर सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे भिंतीवरची चिखलाची रेघ. धुतली की गेली! प्रत्येक खोलीत जमिनीपासून रेघेपर्यंत टेप धरा, आकडा वाचता येईल असा जवळून एक आणि अख्खी भिंत दिसेल असा लांबून एक फोटो घ्या. घराबाहेरच्या भिंतीवरही हेच करा. मेन स्विच बंदच ठेवा. भिजलेला फ्रिज ‘चालतोय का’ म्हणून लावून पाहू नका. त्यात जिवाला धोका आहेच, शिवाय मोटर त्यावेळी जळाली तर नुकसान पुरानं झालं की तुमच्या हातानं, हा वाद उभा राहतो.

त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करा, क्लेम नंबर घ्या आणि तोच मजकूर ईमेलनंही पाठवा. सर्व्हेअर कंपनी नेमते, त्याची फी तुम्ही द्यायची नसते. तो येईपर्यंत काही फेकू नका. पण घरात लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर कुजलेल्या गाद्या आणि धान्य किती दिवस ठेवणार? अशा वेळी वजन, नग, फोटो नोंदवा, ‘आरोग्यासाठी हे काढत आहोत’ असा ईमेल करा आणि प्रत्येक गादीच्या कापडाचा तुकडा जपून ठेवा. चिखल उपसणाऱ्या मजुरांच्या पावत्या सांभाळा, कारण मलबा हटवण्याचा खर्च भारत गृह रक्षामध्ये क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

दुरुस्तीचं अंदाजपत्रक एकरकमी आणू नका. गिलावा किती चौरस फूट, वायरिंगचे किती पॉइंट, चौकटी किती, असं दरासकट वेगळं लिहून घ्या. मोघम आकड्याला कात्री लावणं सोपं असतं. दुरुस्त न होणाऱ्या उपकरणासाठी सर्व्हिस सेंटरचं लेखी पत्र लागेल. मातीच्या भिंती पाणी उतरल्यावर, सुकताना कोसळतात, तेव्हा आठवड्यानं भिंत पडली तर त्याच क्लेममध्ये ते लगेच लेखी कळवा.

तलाठ्यांचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, त्यानं विम्याचा क्लेम दाखल होत नाही. मात्र त्याची प्रत जोडल्यास पूर आल्याचा पुरावा पक्का होतो. क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत द्या आणि पोच घ्या.

क्लेम नाकारला किंवा रक्कम कापली तर कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही, वकील लागत नाही. कोल्हापूर-सांगलीसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत असते, म्हणून ते उत्तर ज्या लिफाफ्यातून आलं तो तारखेच्या शिक्क्यासकट फाइलला लावा.