कांद्याच्या भावाची शीट सरळ कशी करायची

परवा निफाडच्या मामेभावाने व्हॉट्सअॅपवर एक्सेल फाइल टाकली, लासलगाव, पिंपळगाव, येवला, तिन्हीकडचे जूनचे कांदा भाव, आणि खाली मेसेज, दादा आवक वाढली की भाव किती पडतो ते काढून दे ना. काढतो म्हटलं, पण फाइल उघडली आणि अर्धा दिवस साफसफाईतच गेला. कॉलेज प्रोजेक्टवाल्यांना पण हेच भोगावं लागतं म्हणून लिहितोय.

आधी कॉपी करा, ओरिजिनलला हात लावायचा नाही. मग एकच ठरवा, एक ओळ म्हणजे नक्की काय? माझ्यासाठी एक दिवस, एक बाजार. शीटमध्ये मात्र तारखेपुढे तिन्ही बाजार आडवे, वर मर्ज केलेलं 'लासलगाव', खाली आवक, किमान, कमाल, सरासरी, मग 'पिंपळगाव' आणि परत तेच चार. बघायला छान, पण अॅनालिसिसला कुचकामी.

मर्ज काढा आणि दोन्ही हेडर जोडून एकच नाव करा, लासलगाव_आवक असं. मग पॉवर क्वेरीत (एक्सेलमधलंच डेटा साफ करायचं साधन) तारखेचा कॉलम सोडून बाकी सगळे अनपिव्हट, म्हणजे आडवे कॉलम उभ्या ओळींत, नावं अंडरस्कोरवर तोडा, आणि आवक-किमान-कमाल-सरासरी परत पिव्हट करा, म्हणजे त्यांचे चार वेगळे कॉलम होतील. आर या प्रोग्रॅमिंग भाषेत हेच पायव्हट_लाँगरने एका झटक्यात होतं, पायथनच्या पांडाज लायब्ररीत मेल्ट आहे.

इथे एक गोची आहे. पॉवर क्वेरी अनपिव्हट करताना रिकामे सेल गुपचूप टाकून देते. म्हणून ओळी मोजा, ३० दिवस गुणिले ३ बाजार म्हणजे ९० हव्यात, कमी आल्या तर कुठल्या गेल्या ते शोधा. माझ्या बहुतेक रविवारच्या निघाल्या, एक अमावास्येची, लिलावच बंद. मामेभावाने काही ठिकाणी अशा दिवशी ० लिहिलं होतं, ते आधी रिकामं करा, कारण अॅव्हरेज फॉर्म्युला रिकामा सेल सोडतो पण ० धरतो, मग भाव उगाच पडलेला दिसतो.

तारखा बघा. ०५/०६ ला एक्सेल अमेरिकन सेटिंगमध्ये ६ मे समजतं आणि १३/०६ टेक्स्टच राहतं, सेलमध्ये डावीकडे चिकटलेलं दिसलं की ओळखायचं. मराठी आकड्यांचं पण तसंच, आर मध्ये '१२००' चा एनए, म्हणजे 'माहिती नाही', होतो, आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या. 'पिंपळगाव' आणि 'पिंपळगाव ब.' (बसवंत) एक करा, पण 'लासलगाव-विंचूर' लासलगावात ढकलू नका, तो वेगळा उपबाजार आहे.

सरासरी काढताना आवकेचं वजन द्या. समजा ९०० क्विंटल १२०० ने गेला आणि १०० क्विंटल २००० ने, तर साधी सरासरी १६०० येते, खरी १२८०.

शेवटी आवक चढत्या क्रमाने लावली तर येवल्याचा एक आकडा नुसता ३४० दिसला, बाकी सगळे हजारांत. मामेभावाला फोन केला तर म्हणतो, अरे हो, त्या दिवशी ट्रॉल्या लिहिल्यात. आता कुठल्या ट्रॉलीत किती क्विंटल होता कोण सांगणार, तो सेल रिकामा केला आणि बाजूला शेऱ्याच्या कॉलममध्ये 'ट्रॉल्या' लिहून ठेवलं.