अपग्रेड मध्येच अडकलं तर: नव्याने सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुलं बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर करून पहिली नोकरी धरतात ती एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये, पतसंस्थेत, नाहीतर जिनिंगच्या ऑफिसात. 'लिनक्स येतं ना?' एवढं विचारून कोपऱ्यातला सर्व्हर त्यांच्या ताब्यात दिला जातो. काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस अपग्रेड लावता आणि स्क्रीनवर एररच्या ओळींमागून ओळी येऊ लागतात. हे लिखाण त्या दिवसासाठी आहे. मी डेबियन आणि उबंटू हे लिनक्सचे दोन प्रकार सांभाळतो, त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. अपग्रेड फसणं म्हणजे सिस्टीम गेली असं नाही. बहुतेक वेळा पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरची गाठोडी (पॅकेजेस) बसवणारा प्रोग्राम, काहीतरी चुकीचं दिसल्यामुळे मुद्दाम थांबलेला असतो, आणि का थांबला ते त्याने लिहूनही ठेवलेलं असतं. आपल्याला फक्त तो कोणत्या टप्प्यावर थांबला हे शोधायचं आहे. ॲप्ट हे साधन कोणती पॅकेजेस लागतील हे ठरवतं आणि ती उतरवून आणतं. त्यानंतरचं काम डीपीकेजी या दुसऱ्या साधनाचं: आधी फाइली उलगडून जागेवर ठेवायच्या, मग पॅकेज कॉन्फिगर करायचं, म्हणजे त्याची स्क्रिप्ट चालवून सर्व्हिस सुरू करायची. उतरवताना अडलं असेल तर सिस्टीमला अजून धक्काही लागलेला नसतो. उलगडताना किंवा कॉन्फिगर करताना अडलं असेल तर जरा सांभाळून. हा फरक ओळखता आला की निम्मी भीती तिथेच जाते.

दुसरी सवय लावायची ती वरून वाचण्याची. नवीन माणूस स्क्रीनवरची शेवटची ओळ उचलतो आणि ती नेटवर शोधतो. शेवटची ओळ जवळजवळ नेहमी एकच असते: डीपीकेजीने एरर कोड एक परत दिला. त्यातून काहीच कळत नाही. खरं कारण वर कुठेतरी, पहिल्या एररमध्ये असतं, आणि खालच्या बाकीच्या ओळी तिच्यामुळे आलेल्या असतात. स्क्रीन सरकून गेली असेल तरी काळजी नको. उलगडताना आणि कॉन्फिगर करताना डीपीकेजीने जे छापलं ते /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग मध्ये जसंच्या तसं उतरलेलं असतं, आणि कोणती आज्ञा कधी दिली, कोणतं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं, ते शेजारच्या हिस्टरी.लॉग मध्ये. मला हे काम शिकवणारे धुळ्याचे एक ज्येष्ठ सहकारी अशा वेळी अहिराणीत एकच वाक्य बोलायचे, "काय लिखेल शे ते वाच ना भो." लॉग उघडून पूर्ण वाचल्याशिवाय ते कीबोर्डला हात लावू देत नसत.

अमळनेरकडच्या एका संस्थेतलं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळं येतं. त्यांचा सर्व्हर उबंटू १८.०४ वर होता आणि सभासदांची खाती मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होती. त्या आवृत्तीची नेहमीची पाच वर्षांची मदत २०२३ च्या मे महिन्यात संपली, म्हणून २०.०४ वर जायचं ठरलं. तिथल्या मुलाने रात्री अपग्रेड लावलं आणि मला फोन केला.

"भाऊ, मायएसक्यूएल गेलं. दोन पॅकेजेसवर एरर आहे. नेटवर लिहिलंय, पर्ज करून, म्हणजे समूळ काढून, पुन्हा टाका. टाकू का?"

"पर्ज अजिबात करू नको. आधी सांग, पहिली एरर कुठल्या पॅकेजची आहे?"

"मायएसक्यूएल-सर्व्हर-८.०. पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्टने एरर दिली म्हणतंय. खाली नुसतं मायएसक्यूएल-सर्व्हर आहे, त्यापुढे डिपेन्डन्सी प्रॉब्लेम्स, लीव्हिंग अनकॉन्फिगर्ड."

म्हणजे एरर दोन दिसत असल्या तरी दुखणं एकच होतं. दुसरं पॅकेज पहिल्यावर अवलंबून होतं, म्हणून तेही थांबलं. पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट फसली याचा अर्थ फाइली जागेवर आल्या आहेत, शेवटी सर्व्हिस सुरू करताना घोटाळा झाला आहे. मग डीपीकेजीला विचारून उपयोग नाही, सर्व्हिसलाच विचारायचं. मी त्याला /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग उघडायला लावलं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: अननोन व्हेरिएबल क्वेरी_कॅश_साइझ. १८.०४ सोबत मायएसक्यूएल ५.७ येतं, २०.०४ सोबत ८.०. क्वेरी कॅश ही सोय ८.० मध्ये काढून टाकली आहे. पूर्वी कुणीतरी वेग वाढावा म्हणून कॉन्फिगच्या फाइलमध्ये ती ओळ घातली होती. नवीन सर्व्हरला ती ओळखता येईना, म्हणून तो सुरूच होईना. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा दिली, आणि दोन्ही पॅकेजेस रुळावर आली.

पर्जचा सल्ला का घातक होता ते लक्षात घ्या. पर्ज करताना मायएसक्यूएलचं पॅकेज 'डेटाबेसही पुसू का?' असं विचारतं. रात्रीच्या घाईत 'हो' दाबलं गेलं असतं तर सभासदांची सगळी खाती गेली असती. नेटवर मिळणारी आज्ञा दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनसाठी लिहिलेली असते, आणि त्या मशीनवर कदाचित जपण्यासारखं काहीच नसतं.

आता विजेचं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि दुपारची वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. यूपीएसच्या बॅटऱ्याही त्या उकाड्यात लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणून मी अपग्रेडचे दोन तुकडे करतो. नेट चांगलं असेल तेव्हा '--डाउनलोड-ओन्ली' देऊन पॅकेजेस फक्त उतरवून ठेवायची. हे तासभर चाललं, मध्ये तुटलं, तरी बिघडत नाही. अर्धवट उतरलेलं ॲप्ट बाजूला ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करतं. मग विजेची खात्री असेल तेव्हा प्रत्यक्ष अपग्रेड. नेट आणि वीज दोन्ही एकाच वेळी नीट असण्याची वाट बघत बसावं लागत नाही.

उलगडताना वीज गेलीच, तर पुन्हा सुरू झाल्यावर ॲप्ट स्वतःच सांगतं की डीपीकेजी मध्येच तुटलं आहे, अमुक आज्ञा द्या. ती वरचीच कॉन्फिगरची आज्ञा. त्यानंतर 'ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', आणि शेवटी 'डीपीकेजी --ऑडिट'. ऑडिटने काहीच छापलं नाही तर अर्धवट काही उरलेलं नाही. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत पहिल्या रकान्यात आयआय असेल तर पॅकेज पूर्ण बसलेलं आहे. आययू म्हणजे उलगडलं पण कॉन्फिगर व्हायचं बाकी, आयएफ म्हणजे कॉन्फिगर करताना फसलं. अगदीच वाईट वेळ आली आणि डीपीकेजीची स्वतःची नोंदवही, म्हणजे /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस ही फाइल खराब झाली, तर तिच्याच शेजारी स्टेटस-ओल्ड असते आणि /व्हार/बॅकअप्स मध्ये आधीच्या दिवसांच्या प्रती असतात. ही सोय माहीत नसल्यामुळे लोक सिस्टीम नव्याने टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लॉक म्हणजे एका वेळी एकानेच पॅकेजेसना हात लावावा म्हणून असलेलं कुलूप. त्याची एरर नवख्यांना सगळ्यात आधी भेटते. सकाळी ऑफिस उघडलं, मशीन सुरू केलं, लगेच अपग्रेड लावलं, की 'कुड नॉट गेट लॉक'. उबंटूमध्ये आपोआप अपडेट करणारा टायमर सकाळी सहाच्या सुमाराला चालतो, आणि मशीन रात्री बंद असेल तर राहिलेलं काम ते सुरू होताच उरकायला घेतो. आपल्याकडे ऑफिसं रात्री मेन स्विच पाडूनच बंद होतात, त्यामुळे हे रोजचंच. उपाय म्हणजे थांबणं. त्याचं काम संपलं की लॉक सुटतं. नेटवर 'लॉकची फाइल उडवा' असा सल्ला मुबलक मिळतो, तो ऐकू नका. डेबियनच्या घराण्यात लॉक हे चालू प्रोसेसने धरलेलं असतं. प्रोसेस मेली की ते आपोआप सुटतं, फाइल तिथे नुसती पडून राहते. ती उडवली तर दोन प्रोसेस एकाच वेळी नोंदवहीत लिहू लागतील. आर्च लिनक्समध्ये मात्र उलट आहे. तिथे पॅकमन या तिथल्या पॅकेज मॅनेजरची डीबी.एलसीके ही फाइल असणं हेच लॉक, आणि वीज गेल्यावर, दुसरा पॅकमन चालू नाही याची खात्री करून, ती हातानेच काढावी लागते.

उतरवतानाच्या एरर त्यामानाने साध्या. 'हॅश सम मिसमॅच' आलं तर बहुधा मिरर (पॅकेजेस पुरवणारा सर्व्हर) त्या क्षणी अद्ययावत होत असतो किंवा मधल्या प्रॉक्सीने जुनी फाइल दिलेली असते. /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मधली उतरवलेली यादी काढून पुन्हा अपडेट करा, किंवा थोड्या वेळाने करा. 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' ही मात्र आपल्याकडच्या शाळांमध्ये फार दिसते. मशीन दिवसेंदिवस बंद पडून असतं, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपतो, घड्याळ मागे जातं, आणि ॲप्टला वाटतं की ही यादी भविष्यातली आहे. 'टाइमडेटसीटीएल' देऊन तारीख बघा. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदला, नाहीतर सुट्टीनंतर पुन्हा तेच.

जागेचं एक सांगायलाच हवं. डिस्कवर भरपूर जागा असूनही 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येऊ शकतं. बऱ्याच वेळा /बूट हे वेगळं, लहानसं पार्टिशन असतं आणि जुन्या कर्नलांनी (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) ते भरलेलं असतं. नवीन कर्नलला मशीन सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइल बनवताना तिथे अपग्रेड थांबतं. 'डीएफ -एच' मध्ये /बूटची ओळ वेगळी बघा, 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ने जुने कर्नल काढा, चालू कर्नल कोणता ते 'यूनेम -आर' ने आधी तपासून. कुठेच भरलेलं दिसत नसेल तर 'डीएफ -आय' ने आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणाऱ्या नोंदी, बघा. लाखो बारीक फाइली साचल्या की जागा असूनही आयनोड संपतात.

अनमेट डिपेन्डन्सीज, म्हणजे एका पॅकेजला लागणारं दुसरं मिळत नाही, या एररमागे बहुतेक वेळा बाहेरून जोडलेली रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) असते. कुणीतरी प्रिंटरसाठी किंवा पीएचपीच्या नव्या आवृत्तीसाठी ती जोडलेली असते आणि नंतर विसरलेली असते. 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' ला पॅकेजचं नाव दिलं की कोणती आवृत्ती कुठून येते ते दिसतं. '--फोर्स' ने सुरू होणारे पर्याय वापरायच्या आधी हे बघाच. होल्डवर ठेवलेली, म्हणजे अपग्रेड होऊ नयेत म्हणून अडवलेली, पॅकेजेस 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' ने कळतात.

मोठ्या अपग्रेडला, म्हणजे एका आवृत्तीवरून दुसऱ्या आवृत्तीवर जाताना, रिलीज नोट्स पूर्ण वाचा. मी कामाला घेतलेल्या मुलांना ही पहिली शिस्त लावतो. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हा फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या भागात गेलं. सोर्सच्या यादीत तो भाग जोडला नाही तर एरर येत नाही, फक्त फर्मवेअरचे नवे अपडेट येणं बंद होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटी जुन्या पीसींसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर नाही. लॅबमध्ये तशी यंत्रं असतील तर अपग्रेड लावण्याआधीच हे माहीत हवं. डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारायची नाही: ११ वरून १२, मग १३. दूरच्या सर्व्हरवर नेटवरून, एसएसएचने, काम करत असाल तर टीमक्स या प्रोग्रामच्या आत करा, म्हणजे नेट तुटलं तरी अपग्रेड चालू राहतं. आणि बॅकअप घेतला म्हणजे तो दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघितला, असंच समजा.

सराव करायचा तर व्हर्च्युअल मशीनवर करा. डेबियन १२ टाका, स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घ्या, १३ वर न्यायला लागा आणि मध्येच मशीनचा पॉवर बंद करा. मग सावरून दाखवा. स्नॅपशॉटवर परत या, घड्याळ मागे न्या, /बूट मुद्दाम भरा, कॉन्फिगमध्ये खोटी ओळ घाला. मुलाखतीत मी उमेदवाराला आज्ञा पाठ आहेत का ते विचारत नाही; एक टर्म.लॉग हातात देतो आणि पहिली एरर कुठली ते दाखवायला सांगतो.

तरीही अडलात तर कुणाला तरी विचारा, त्यात कमीपणा नाही. फक्त 'अपग्रेड होत नाही' असा फोटो पाठवू नका. '/ईटीसी/ओएस-रिलीज' मधली आवृत्ती, दिलेली आज्ञा, टर्म.लॉग मधल्या पहिल्या एररच्या वरच्या-खालच्या ओळी मजकूर म्हणून, 'डीएफ -एच' चं उत्तर, आणि तोवर काय-काय करून बघितलं ते पाठवा. आज्ञेच्या आधी 'एलसी_ऑल=सी' लावलंत तर एरर इंग्रजीत येते आणि शोधायला सोपी जाते.