मिरगाआधी टायर बघा

मे उजाडला की आमच्या घरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, गडबड सुरू होते. सोलं, सुक्या मिरच्या, सुकी मासळी डब्यांत जाते. ज्याच्या दारात स्पोर्ट्स कार उभी आहे त्याने त्याच आठवड्यात टायरांपुढे गुडघे टेकून बसावं. मिरग लागल्यावर धावपळ करून भागत नाही, कारण या रुंद मापांचे टायर पणजी-म्हापशाच्या दुकानांत बहुधा मागवावेच लागतात.

आधी खाचांची खोली मोजा. नवा टायर साधारण ७-८ मिमीचा असतो, कायद्याची हद्द १.६ मिमी. गोव्याच्या पावसाला ती हद्द पुरत नाही; ३ मिमीच्या खाली गेला की मी टायर बदलतो. पोर्शे ७१८ केमनचा मागचा टायर २६५ मिमी रुंद. ताशी ८० किमी वेगाने तो ३ मिमी पाण्यावरून गेला, तर सेकंदाला १७-१८ लिटर, म्हणजे मोठी बादलीभर पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. खाचा उथळ असतील तर पाणी टायरखालीच अडकतं, गाडी त्यावर तरंगते आणि स्टिअरिंग हातात हलकं होतं.

मोजताना बाहेरची कड बघून उठू नका. खाली बसक्या गाड्यांची चाकं वरून किंचित आत कललेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते. स्टिअरिंग पूर्ण वळवा, हात मागे घालून आतल्या कडेवर बोटं फिरवा. माझ्या टायरची बाहेरची नक्षी छान ५ मिमी होती; आत बोट लावलं तर पार गुळगुळीत, एका ठिकाणी तार टोचली. अलाइनमेंट केल्याशिवाय अशा गाडीला नवे टायर घालू नका, तेही असेच जातील.

आता निवड. ‘ऑल सीझन’ नाव वाचून ते पावसाचे टायर समजू नका. त्यांची तडजोड बर्फ-थंडीसाठी असते. आपल्याकडे भर जुलैतही पारा पंचविशीच्या आसपास, त्यामुळे सिलिकायुक्त रबराचे चांगले ‘समर’ टायरच ओल्यात जास्त धरतात. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक याच जातीचे. ट्रॅकसाठीचे, फार थोड्या खाचांचे सेमी-स्लिक मात्र ऑक्टोबरपर्यंत माळ्यावर टाका. दिसायला भारी म्हणून कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायरही नको. जितका रुंद, तितकं जास्त पाणी सारायचं. बाजूवर ‘ट्रॅक्शन एए’ किंवा युरोपीय लेबलवर ओल्या पकडीला ‘ए’ बघा, पण हे शेरे सरळ रेषेतल्या ब्रेकचे आहेत, चोर्ला घाटातल्या वळणांचे नव्हेत. चार अंकी तारीख वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. माझ्या आधीच्या गाडीला चारही चाकं एका मापाची होती आणि दुकानदाराने नवे टायर पुढे बसवले. मीही विचारलं नाही. जूनच्या पहिल्या सरीत पर्वरीच्या उतारावरून मांडवीकडे येताना पुढची चाकं रस्ता धरून राहिली आणि मागची बाजू सरळ डावीकडे निघाली. शेजारी बायको बसली होती. त्या दिवशी बाजूला ट्रक नव्हता, एवढंच. पुढचं घसरलं तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हळू उचलून गाडी सावरते. मागचं सुटलं की बहुतेकांना सावरत नाही.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करू नका. १९६३ मध्ये नासाने विमानांच्या टायरांवरून मांडलेल्या सूत्रात टायर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला तो ताशी ९५ किमीच्या आसपास, २५ ला ८३. दाराच्या पट्टीवर लिहिलेला दाब सकाळी, गाडी थंड असताना भरा.

अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते. डिकीतल्या पंक्चर किटच्या बाटलीची मुदत बघून ठेवा, पण खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर ती बाटली कामाची नाही. टो करणाऱ्याचा नंबर फोनमध्ये हवा.

नव्या टायरचे पहिले दोन-तीनशे किलोमीटर सावकाश चालवायचे असतात, वरचा थर निघेपर्यंत ते नीट धरत नाहीत. ते मे महिन्यातच, कोरड्या रस्त्यावर भरून घ्या.