सेल्फ-हीलिंग फिल्म करताय? या चुका टाळा

काप गेला तरी आपोआप सांधली जाणारी, पारदर्शक आणि वरून वीज वाहून नेणारी फिल्म करायला दरवर्षी नवी पोरं लॅबमध्ये येतात आणि त्याच त्याच चुका करतात. सगळ्यात जास्त डोकं उठतं ते एलईडीच्या चुकीनं.

फिल्म कापायची, तुकडे जुळवायचे, एलईडी लागला की व्हिडिओ काढायचा आणि ‘हील झालं’ म्हणून मोकळं व्हायचं. आमच्याकडे एकानं असा व्हिडिओ थेट ग्रुप मीटिंगमध्ये लावला. पॉलियुरेथेन या पॉलिमरची फिल्म, वर वीज वाहायला चांदीच्या नॅनोवायरचा (अतिसूक्ष्म तारांचा) थर, 9 वोल्टची बॅटरी. दिवा लागला, टाळ्या पडल्या. मी मल्टीमीटर मागवला. कापण्याआधी पन्नासेक ओम असलेला रोध सहा हजारांच्या वर गेला होता! आता हिशेब करा. लाल एलईडी साधारण 2 वोल्ट खातो, उरले 7. सहा हजार ओममधून 1 मिलिअँपिअरच्या आसपास करंट जातो आणि तेवढ्यावर एलईडी छान उजळतो. म्हणजे जोड शंभरपटीहून बिघडलेला असताना दिवा मात्र हसतोय. फिल्म पेनवर गुंडाळली आणि दिवा गेला.

सांधतं ते पॉलिमर. त्याच्या साखळ्या हलतात, कापाच्या पलीकडे शिरतात, बंध पुन्हा जुळतात. चांदीच्या तारांना तसं काही येत नाही. पॉलिमर ओढून नेईल तेवढ्याच त्या एकमेकींना टेकतात. म्हणून व्रण दिसेनासा झाला, यावरून वहनाबद्दल काहीच कळत नाही. मी रोध चार वेळा घेते: कापण्याआधी, कापल्यावर, सांधल्यावर आणि वाकवल्यावर, तोही चार-प्रोबनं (करंटला दोन टोकं, वोल्टेजला वेगळी दोन, म्हणजे जोडण्यांचा रोध आकड्यात मिसळत नाही). कापल्यावर मीटरनं मोजता येईल असा कुठलाही रोध दाखवला, तर काप आरपार गेलेलाच नाही, ब्लेड बदला. कापण्याआधी मागच्या बाजूला बारीक मार्करनं आडव्या दोन रेघाही मारते. जुळवताना काठ सरकले तर लगेच दिसतं.

दुसरी चूक पावसाळ्यातली. पॉलियुरेथेन बनतं आयसोसायनेट आणि पॉलिऑल यांच्यापासून. आयसोसायनेटला पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फिल्मभर बुडबुडे. पॉलिऑल व्हॅक्यूमखाली तापवून सुकवायचा कंटाळा करणाऱ्यांना जुलैत हे हमखास भेटतं. त्यातून वाचलात तरी डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून ओतलेली फिल्म दमट हवेतलं पाणी ओढते, पॉलिमर मधेच साका होऊन बसतो आणि पारदर्शक फिल्म दुधाळ होते. मग ‘मॅडम, रेसिपी चुकली का?’ रेसिपी ठीक आहे, घाई चुकली. पेट्री डिशवर फनेल उलटं ठेवा, सॉल्व्हंट हळूहळू जाऊ द्या आणि रात्रभर हात लावू नका. हेअर ड्रायर तर लॅबमध्ये दिसताच कामा नये.

उष्णतेचा विषय निघालाच आहे म्हणून: डील्स-आल्डर बंध (तापवल्यावर सुटणारे आणि थंड होताना पुन्हा जुळणारे) सुटायला साधारण 110-120 अंश लागतात, पण खाली पीईटी प्लास्टिकची शीट असेल तर तिची ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे ती मऊ पडायला लागते ते तापमान, 70-80 अंशांतच येते. फिल्म सांधली जाईल, शीट वाकडी होईल. हायड्रोजन बंधांवर चालणारं पॉलिमर असेल तर कापून चहाला जाऊ नका. उघड्या काठावरचे बंध जुळवणारे मोकळे रासायनिक गट आपसात जुळून बसतात आणि मग पलीकडच्या काठासाठी फारसे उरत नाहीत.

मायक्रोकॅप्सूलवाली पद्धत (सांधणारं द्रव भरलेल्या बारीक कुप्या तडा गेल्यावर फुटतात; इलिनॉय विद्यापीठाच्या गटानं 2001 मध्ये इपॉक्सीत दाखवलेली) पारदर्शक फिल्मला उचलू नका. कॅप्सूल प्रकाश विखुरतात, शिवाय एका जागी एकदाच कामाला येतात.

550 नॅनोमीटरचं ट्रान्समिटन्स (किती प्रकाश आरपार जातो) दिलंत, हेझ (त्यातला किती विखुरतो) कुठंय?

आणि चिकटणं म्हणजे सांधणं नव्हे. न सांधणाऱ्या, पण तितक्याच मऊ फिल्मचे दोन तुकडे तेवढ्याच दाबानं, तेवढाच वेळ जुळवून ओढून बघा. ती जेवढा ताण सोसेल, तेवढा तुमच्या आकड्यात नुसता चिकटपणाचा आहे. हा कंट्रोल नसलेला डेटा माझ्या टेबलावर आला तर मी आलेख न उघडताच परत पाठवते.